पत्रिकांची गोधडी

आज गोधडी उन्हात टाकताना कोपऱ्यातला एक तुकडा हाताखाली कुरकुरला आणि मला हसूच आलं.

त्या साली बाभुळगावकडे कापसाचा भाव पडला आणि माझं लग्न पुढच्या वर्षावर गेलं. यवतमाळला छापलेल्या पत्रिका वाया गेल्या म्हणून मी रडत बसले. आईने मात्र त्यांच्यावरचे गणपती कापून देव्हाऱ्यात ठेवले आणि उरलेल्या पुठ्ठ्याचे षटकोनी साचे कापले. साच्यावर लुगड्याचा तुकडा दुमडून ती कच्चे टाके घाली, मग कडेला कड जोडी. सगळ्या कडा जुळल्या की आतला साचा काढायचं काम माझं. तेव्हा ते वर्ष संपता संपेना. आता वाटतं, आईला लागून बसायला मिळालेलं तेच शेवटचं सबंध वर्ष.

अस्तर लावायच्या वेळी एका तुकड्यात साचा राहिलेला दिसला. त्यावर नवरदेवाचं नाव होतं.

"आई, हा काढू?"

"कायले काढतं? राहू दे. तारीख बदलली, नवरदेव थोडाच बदलला!"

ते नाव भिजू नये म्हणून मी ही गोधडी आजवर धुतलेली नाही. ती धू म्हणून रोज माझं डोकं खातो, तो हाच नवरदेव. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.