बिनफोडणीचं आंबट

माझा धाकटा भाऊ आखातातल्या एका हॉटेलात एसी दुरुस्त करायचा. तिथंच तो गेला. झोपेत गेला म्हणे. पेटी नागपूरला उतरली, तिथून गाडीनं आंबागडला घरी आली, आणि पेटीसोबत त्याची बायको आली. फिलिपिन्सची, त्याच हॉटेलात कामाला असलेली. लग्नाला काही वर्षं होऊन गेली होती, आणि आमच्या आईनं सुनेचं तोंड पाहिलं ते असं.

मला रडू आलं नाही. मी भंडाऱ्याहून आले, सतरंज्या टाकल्या, पाणी भरलं, आल्यागेल्याला चहा दिला. बाया गळ्यात पडून रडायच्या आणि मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. दात काढायच्या आधी सुई देतात ना, मग गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. लोक म्हणाले, पोरगी मोठी धीराची. कसला धीर आणि कसलं काय!

आई सुनेला वाईटसाईट बोलत नव्हती. ती बोलतच नव्हती. सुनेनं पाण्याचा गिलास पुढं केला की म्हणायची, "ठेव तिथं," आणि थोड्या वेळानं माझ्याकडून दुसरा मागायची. लग्नाचं कळलं तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, "तिच्या हातचं मी खाणार नाही." शब्दाची पक्की बाई. जळो तो पक्केपणा! भावजय आपली भिंतीला टेकून बसायची. आखातात शिकलेली मोडकीतोडकी हिंदी तिला येत होती, पण बोलणार कोणाशी? माझ्याशीच.

अशात एक दिवस काकूनं तेरवीचा विषय काढला. "हिचं लुगडं कोण आणन वं?"

आमच्याकडे तेरवीला नवरा गेलेल्या बाईच्या माहेरचे लोक लुगडं आणतात आणि भर मांडवात तिच्या अंगावर घालतात. जिला लुगडं येत नाही, तिच्या मागं कोणी नाही असं तिथंच ठरतं. भावजयीचं माहेर समुद्रापलीकडे. म्हातारी आई तेवढी, ती कुठून येणार? आणि तेरवी झाली की ही कामावर परत जाणार होती. तशीच गेली असती, तर या घराशी तिचं नातं संपलं असंच सगळ्यांनी धरलं असतं.

"मी आणते की," मी म्हटलं.

"नणंद माहेरची कशी होईन? काहीतरीच बाप्पा तुझं!"

मी आईकडे पाहिलं. आई छताकडे पाहून राहिली होती.

आईचं जेवण तर सुटल्यातच जमा होतं. सुतकात आमच्याकडे फोडणी देत नाहीत. काकूच्या घरून उकडलेली डाळ आणि भात यायचा. आई घास कालवायची, कालवत बसायची आणि ताट सरकवून द्यायची. धान कापणीचे दिवस, लोक सकाळी येऊन तोंड दाखवून शेतावर, बांधीत निघून जायचे. घरात आम्ही तिघी आणि पहारा द्यायला काकू.

आईनं सलग दोन वेळा ताट परत केलं त्या दिवशी भावजय उठली. मागच्या बाडीत गेली. बरबटीच्या शेंगा, वांगी, दोन मुळे, टमाटे ओच्यात घेऊन आली. मला म्हणाली, "दीदी, इमली है?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात आडवी आली. "सांग तिले, कांदा नाही, तेल नाही, अन् फोडणी तं बिलकुल नाही. सुतक हाय."

मी सांगितलं. भावजय म्हणाली, "इसमें होता ही नहीं."

काकूला ते पटलं नाही. फोडणीशिवाय कालवण होतं कुठं? ती तिथंच पाटावर बसून राहिली, नाक वर करून. चिंच उकळली, गाळली, भाज्या पडल्या, दोन अख्ख्या मिरच्या, मीठ. काकू फोडणीची वाट पाहते आहे आणि फोडणी काही येत नाही. शेवटी भावजयीनं चुलीवरचा गंज उतरवला तेव्हा काकू माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं? इतकंच?" एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा नुसतं कळलं की हे हसण्यासारखं आहे.

वाटी मीच आईपुढं ठेवली. कोणी केलं ते तिला दिसतच होतं. तिनं हात लावला नाही. पण वाफ तोंडावर गेली आणि ती थांबली.

"हे तं त्याचं आंबट होय," आई म्हणाली.

भाऊ मागच्या सुट्टीत एकटाच आला होता. बायकोला आणायचं नाही, असं आईचंच फर्मान होतं. तेव्हा त्यानं तलावातली मासोळी घालून हेच केलं होतं. आईनं भुरके मारत खाल्लं आणि गल्लीभर सांगत फिरली की माझ्या पोराच्या हाताला काय चव आहे! कोणाकडून शिकला विचारलं, तर म्हणाला, एका मावशीकडून.

मी भावजयीला विचारलं. ती म्हणाली, "सिनिगांग. मेरी मम्मी का है. उसने फोन पे तुम्हारे भाई को सिखाया. वीडियो में. बहुत डाँटती थी."

मी आईला तसंच सांगितलं. आईनं वाटी उचलून तोंडाला लावली आणि सगळी प्याली. "भात वाढ," म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही, पण भावजयच उठली, आणि तिनं वाढलेला भात आईनं खाल्ला.

तेरवीला मांडव भरला होता. काकूनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "सुनेच्या माहेरचं कोणी हाय का?" आई उठली. आपल्या ट्रंकेतलं न नेसलेलं लुगडं तिनं सकाळीच काढून ठेवलं होतं, मला पत्ताही नाही. ते तिनं सुनेच्या अंगावर घातलं.

"अवो बाई, सासू कशी माहेरची?" काकू म्हणालीच.

"तिच्या मायच्या हातचं खाल्लं मी," आई म्हणाली. "एकदा नाही, दोनदा. मंग मी तिकडची नाही तं कोण?"

भावजयीला यातलं काही समजलं नाही. तिनं लुगड्याचा काठ हातात धरून मला हळूच विचारलं, "दीदी, ये किसने भेजा?"

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे पाहून बोलली.

"तुझ्या मायनं."

माय हा शब्द तिला कळला. मी मांडायला घेतलेल्या पत्रावळी तशाच हातात धरून मांडवामागं गेले, आणि तिथं मला माझा भाऊ गेल्याचं रडू आलं.