वीस वर्षांचा खाडा

"तुमच्या मांड्यांचे स्नायू तुटलेत आणि त्यांचा कचरा किडन्यांमध्ये अडकतोय," डॉक्टर म्हणाले. "सोबत कोण आलंय?"

आजाराच्या बातमीपेक्षा त्या प्रश्नाचं उत्तर देणं मला जड गेलं. कोणी नाही, मी म्हणाले. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, रॅब्डोमायोलिसिस. सवय नसताना एकदम अतोनात व्यायाम केला की स्नायूंच्या पेशी तुटतात, आतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीची चाळणी तुंबते. मी हा शब्द कधी ऐकला नव्हता. तुम्हीही ऐकला नसेल, म्हणून हे लिहितेय.

मी मूळची दौंडची. शाळेत ज्युदो खेळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले होते. आता वय सदतीस. शिक्रापूरला एका कंपनीत पार्ट तपासायचं काम, भाड्याची एक खोली, मेसचा डबा. आईवडील गेले, भाऊ गुजरातेत. लग्न जमलं नाही, मग मीच तो नाद सोडला. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. एकदा दुकानात दूध मागताना आवाजच फुटेना. आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

अशात कळलं, की हायवेपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आप्पा नावाचे एक जुने पैलवान मुलींना ज्युदो शिकवतात. गेले. आप्पांनी तालमीतला एक रिवाज इथंही आणला होता. खाडा भरायचा. म्हणजे जितके दिवस चुकवाल, तितक्या दिवसांच्या बैठका परत आल्या दिवशी काढायच्या. मी म्हटलं, माझा तर वीस वर्षांचा खाडा आहे. पोरी खिदळल्या.

"मावशी, मग आज मुक्कामच करा!"

मावशी! झोंबलंच मला. पदर खोचल्यासारखी मी बैठका काढायला लागले. पन्नासाला आप्पा म्हणाले, "बास आता. पयल्या दिशी एवढंच."

पण पोरींनी भोवती गोल करून आकडे मोजायला सुरुवात केली होती. शंभरानंतर मावशीची ताई झाली होती. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी माझ्यासाठी ओरडत होतं. खोटं कशाला सांगू, मला थांबायचंच नव्हतं. आप्पा पुन्हा ओरडले, मी ऐकलं नाही. चारशेला पाय लटपटले आणि मी मॅटवर बसले. घोटभर पाणीही प्यायले नाही, कारण मेहनत करताना पाणी पिऊ नये हे शाळेपासून डोक्यात बसलेलं.

दुसऱ्या दिवशी संडासात खाली बसता येईना. मांड्या टम्म फुगलेल्या. अंग आंबलंय, असं समजून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, खाल्ल्या आणि कामावर गेले. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. उन्हाळी लागली असेल म्हणून धण्याचं पाणी प्यायले. असे दोन दिवस घालवले. घरात आई असती, बहीण असती, अगदी भांडकुदळ सासू असती, तरी तिनं मला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. पण मी सांगणार कोणाला? सुपरवायझरला? शेवटी लघवीच कमी झाली, तेव्हा रिक्षा करून गेले.

डॉक्टर गोळ्यांवरून फार रागावले. त्या गोळ्यांनी किडनीवर आणखी भार पडला होता. "दोन दिवसांत लघवी सुटली नाही तर डायलिसिस," म्हणाले. म्हणजे रक्त गाळायचं काम मशीनने करायचं.

मग सलाईनवर सलाईन. पलंगाला लघवीची पिशवी. सिस्टर तासातासाला माप लिहायच्या. रोज रक्त तपासून क्रिएटिनिन बघायचे. किडनी किती कचरा मागे ठेवतेय ते सांगणारा हा आकडा, आणि तो चढतच होता. शेजारच्या पलंगावर मांडवगणच्या एक आजी होत्या. त्यांच्याभोवती सुना, नातवंडं, जाऊबाई, नुसती जत्रा. मी चादर तोंडावर घेऊन रडले. मला मरणाची भीती नव्हती. मेले तर कळणार कोणाला, ही भीती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आले. क्लासला दिसले नाही म्हणून त्यांनी फोन केला होता. टोपी हातात धरून उभे राहिले.

"म्या हाताला धरून थांबवाया पायजे व्हतं, पोरी. रिवाज माझाच व्हता."

"आप्पा, तुम्ही थांब म्हणालात. मीच ऐकलं नाही."

ते स्टुलावर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. सारखे वाकून पिशवीकडे बघायचे. दिवेलागणीला म्हणाले, "आता भराया लागली गं. रंगबी उतरला." दुसऱ्या दिवशी आकडा उतरला. डायलिसिस टळलं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. दहा बैठकांपासून सुरुवात, दर आठवड्याला थोड्या वाढवायच्या, मध्ये पाणी, दुसऱ्या दिवशी अंग धरलं तर विश्रांती. आप्पांनी रिवाज मोडला. "गेलं त्ये गेलं. आलं त्यानं नव्यानं सुरू करायचं," असं सगळ्यांसमोर म्हणाले.

एक नियम मीही घातला. जास्त सराव झाला, की दुसऱ्या सकाळी प्रत्येकीनं दुसरीला फोन करून लघवीचा रंग विचारायचा. पोरी हसून हसून लोळल्या. पण विचारतात.

गेल्या आठवड्यात कंपनीच्या भरल्या बसमध्ये माझा फोन वाजला. "ताई, आज रंग कसा हाय?"

"पाण्यासारखा आहे गं," मी मोठ्यानं सांगितलं. शेजारची बाई बघतच राहिली. माझे डोळे वाहत होते, आणि मी ते पुसले नाहीत.