गाणारं धुराडं

उजाडल्यापासून उस्तीन्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज नवी चूल पेटणार होती! ओका नदीकाठच्या त्या रशियन खेड्यात पहिल्यांदाच एका झोपडीचा धूर धुराड्यातून बाहेर पडणार होता.

बाकी साऱ्या गावाचा धूर घरातच कोंडायचा. चूल पेटली की माणसं वाकून वावरायची, नाहीतर खाली बसायची. उस्तीन्याला स्वतःची फिकीर नव्हती. पण तिच्या पाच वर्षांच्या लेकीचे, पलाश्काचे डोळे हिवाळाभर लाल, चिकटलेले. गावातल्या तीन म्हाताऱ्या धुरानं आंधळ्या झाल्या होत्या. त्या भीतीपोटी दोन हिवाळे लोकांचं जवसाचं सूत कातून तिनं विटा आणल्या आणि गवंड्याकडून चूल, धुराडं बांधून घेतलं.

"आभाळाला ऊब द्यायची हौस!" सासू फेक्ला फणकारली. "आज चूल नीट चालली नाही, तर धुराडं पाडायचं. ठरलंय आपलं."

उस्तीन्यानं ढलपी पेटवली. धूर क्षणभर घुटमळला आणि सुर्रकन वर गेला! बाहेर पोरं ओरडली, "निघाला! निघाला!"

तेवढ्यात धुराड्यातून ऊऽऽऽ असा लांबलचक हुंदका आला. कोपऱ्यातल्या वासरानं दावं ताणलं. फेक्लानं छातीवर क्रूस काढला आणि थेट कुऱ्हाडच उचलली. "घरचा राखणदार रडतोय! हो बाजूला!"

"थांबा आई. मी नदीवर गेले तेव्हा गवंड्याला काय वाढलंत?"

"कोबीचं पाणी. जावई होता का माझा?"

"आणि मी भाजून ठेवलेली मासळी भरलेली पोळी?"

"ती... लेकीकडं धाडली."

उस्तीन्याला एकदम हसूच फुटलं. काळ्या पावाची लादी शालीखाली घेऊन ती चिखलातून धावत सुटली. सव्वाती गवंडी उंबऱ्यावर वाटच बघत बसला होता.

"काय गं, गाते का चूल?"

"गाते. गप्प करा तिला, काका!"

अर्धी लादी संपवून तो छपरावर चढला आणि त्यानं धुराड्याच्या विटांमधून वाऱ्यानं घुमणारं फुटक्या बाटलीचं तोंड उपसलं. "तुझ्यासाठी नव्हतं पोरी. म्हातारीला ऐकवायचं होतं."

हुंदका थांबला. उस्तीन्या धापा टाकत आत आली. चूल धडधडत होती आणि पलाश्का टक्क डोळ्यांनी वर बघत होती.

"आजी, चूल पेटलीय आणि तू उभी!"

फेक्लानं दचकून छताकडं पाहिलं. धूर नव्हता.

"मग काय, झोपू?" ती खेकसली आणि कुऱ्हाड बाकाखाली सरकवली.