काउंटीकाकांची सर्वपित्री

गोरा माणूस भेटला की काउंटीकाका त्याला पहिला प्रश्न विचारायचे, "तुमचं मूळ गाव कोणतं?" आपल्याला इथे अमेरिकेत हा प्रश्न सारखा कोणीतरी विचारतं आणि आपण कसनुसं हसून पुणे नाहीतर नागपूर सांगतो. काका तोच प्रश्न उलटा टाकायचे. समोरचा म्हणायचा, मी इथलाच. काका सोडत नसत. "ते झालं हो. पण त्याआधी?" मग तो बिचारा आठवत आठवत पार आयर्लंडपर्यंत मागे जायचा. काकांना कोणी कुठले म्हणून विचारलं तर मात्र उत्तर ठरलेलं असे, "मी या काउंटीचा," म्हणजे या जिल्ह्याचा. म्हणून ते काउंटीकाका.

उभा जन्म पार्सिपनी शहरातल्या एका ऑफिसात काढून, बायको गेल्यावर ते समुद्राकाठच्या आमच्या काउंटीत राहायला आले. मुलगी पार दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यूला. लोक इथे वाळूत खुर्ची टाकून बसायला येतात. यांनी गावच्या इतिहास मंडळात नाव घातलं आणि दर शनिवारी वसाहतकाळातलं एक जुनं फार्महाउस पाहुण्यांना दाखवायला लागले. गणपतीच्या जेवणात कोणी शेजारी सापडला की संपलंच, काउंटीचा इतिहास सुरू. भात वाढून होईपर्यंत शिंपले वेचायला येणारे इथले मूळ रहिवासी लेनापी लोक यायचे, मठ्ठ्यापर्यंत राजाची सनद घेऊन इंग्रज उतरायचे, मग व्हेल मारणारे, मग हॉटेलवाले. शेवटी माझ्याकडे बोट. "आणि हे एच-वनवाले. अगं, आपणही वसाहतवालेच. फक्त सनदेऐवजी व्हिसा." मुलं त्यांना बघून पळायची. मी पळत नसे, कारण मला ते मनापासून आवडायचे.

फार्महाउसमागच्या खाऱ्या दलदलीला ते खाजण म्हणायचे. त्या खाजणातलं गवत कापायला इंग्रजांनी आफ्रिकेतली माणसं विकत आणून राबवली होती, हे मंडळाच्या पाटीवर कुठेच नव्हतं. पुलापलीकडच्या छोट्या चर्चमधल्या मिस इडा नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी काकांना खाजणाच्या कडेचा एक उंचवटा दाखवला. ती माणसं तिथे पुरलेली आहेत, असं त्यांच्या आजीने सांगितलं होतं. दगड नाही, नाव नाही. त्या दिवसापासून काकांची शनिवारची फेरी फार्महाउसच्या सुंदर जिन्यापाशी संपायची ती त्या उंचवट्यावर संपायला लागली. मंडळाला ते फारसं रुचलं नाही. सुट्टीच्या दिवशी कोणाला असलं ऐकायचं असतं?

त्यातच पितृपक्ष आला. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं सर्वपित्रीला करायचं, हा आपला साधा नियम. काका सकाळीच धोतर नेसून, तांब्या आणि काळे तीळ घेऊन उंचवट्यावर गेले आणि दक्षिणेला तोंड करून पाणी सोडायला लागले. फिरायला आलेल्या कोणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस आला. मेलेल्यांना पाणी देतोय म्हटल्यावर त्याने विचारलं, हे तुमचे कोण? "कोणी नाही, म्हणून तर मी आलो," काका म्हणाले आणि लगेच त्यालाच मूळ गाव विचारलं. हे ते मला सांगत होते तेव्हा आम्ही दोघं हसून बेजार झालो. पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही.

मंडळाने तोच उंचवटा सपाट करून तिथे पाहुण्यांसाठी पार्किंग करायचं ठरवलं. मीटिंगला मीही गेले होते. काका सूट घालून उभे राहिले. "ज्यांनी ही जमीन घेतली, त्यांच्या बोटीचं नावसुद्धा आपल्याला पाठ आहे. ज्यांनी ती कसली, त्यांना मूळ गाव कोणी विचारलंच नाही. निदान त्यांच्या अंगावर गाड्या तरी लावू नका." मागून एक माणूस अगदी शांतपणे म्हणाला, तुम्ही आपल्या देशात परत जा आणि तिथला इतिहास सांभाळा. काका खाली बसले आणि चष्मा पुसत राहिले. त्या माणसापेक्षा मला भरलेल्या हॉलचा राग आला. एक जण हूं की चूं करेल तर शपथ.

पार्किंग झालं. काकांची फेरी गोड बोलून बंद केली. हिवाळ्यात मुलगी येऊन त्यांना बेलव्ह्यूला घेऊन गेली. फोनवर ते तब्येतीचं बोलायचे नाहीत. भरतीचं पाणी कुठवर येतं, एवढंच विचारायचे. या उन्हाळ्यात ते तिकडेच वारले.

यंदा सर्वपित्रीला मी तांब्या आणि तीळ घेऊन त्या पार्किंगकडे निघाले. विधी मला येत नाही. काकांनी हा दिवस सांगून ठेवला होता म्हणून मिस इडा आधीच येऊन उभ्या होत्या, हातात पाण्याची बाटली. अमावस्येचं उधाण होतं. खाजणाचं पाणी पार्किंगच्या डांबरावर चढून आमच्या चपलांपर्यंत आलं होतं. काका गेल्याचं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याही नावाने पाणी सोडू या. आमच्या चर्चमध्ये नावाबरोबर गावही घेतात. "त्यांचे लोक कुठले?"

मला सांगता येईना. खाजण म्हणायचे, म्हणजे कोकणातले असावेत, याहून जास्त मला ठाऊक नव्हतं. जगाला गाव विचारणाऱ्या माणसाने स्वतःचं कधी कळूच दिलं नव्हतं.

"इथलेच," मी म्हटलं.

मिस इडांनी मान डोलावली आणि मोठ्याने म्हणाल्या, "काका, या काउंटीचे." मग बाटली तिरकी केली. मागे एक गाडी आमची जागा रिकामी व्हायची वाट बघत होती. आम्ही हललो नाही.