हिलाल पेंटरची धामण

सुरतेजवळच्या उधन्याच्या टॉकीजवर हिलाल पेंटरने रंगवलेले व्हिलन बघून कडेवरची पोरं किंचाळायची. लाल डोळे, फुगलेल्या नाकपुड्या, दातांत रक्त. हात त्यातच मुरलेला.

सुरतेत प्लेग येऊन गेल्याच्या दुसऱ्या वर्षी तापीकाठच्या बागेत पायवाटेवर सापांचे फलक लावायचं काम त्याला मिळालं. बागेतल्या दगडांच्या ढिगात एक धामण राहायची, उंदरांवर जगायची. बागेचे साहेब म्हणाले, "लोकांनी तिला मारू नये, एवढंच तुमच्या फलकानं करायचं."

हिलालनं गुजरातीत लिहिलं, बिनझेरी. वर धामण काढली, लालबुंद डोळ्यांची, हातभर जिभेची.

"हाई ते मानूस गिळी टाकी!" बायको प्रमिलाबाई म्हणाली.

"चित्र जोरदार नई ऱ्हायनं, ते थांबी कोन?"

रविवारी लूमवाले, कापडाच्या मागांवरचे कामगार, फिरायला आले आणि उन्हाला धामण वाटेवर आली. एकानं फलक बघितला, मग तिला बघितलं.

"तीच! फळ्यावरची तीच!"

दगड सुटले. झाडांना टेकू दिलेले बांबू उपटले गेले. पलीकडे दुसरा फलक रंगवणारा हिलाल शिडीवरून उडी टाकून धावला, धामणीवर आडवा झाला. "विष नाही रे तिला! लिहिलंय ना!"

"लिहिलेलं चुलीत घाल! डोळे बघ तिचे!"

बांबू त्याच्या उजव्या खांद्यावर बसला, हाड कडकन बोललं. कुणीतरी पाय धरून त्याला बाजूला ओढलं. धामणीचा कणा तीन जागी मोडला, तरी ती तोंड उघडत होती. शेवटी त्यांच्यातल्या बळीराम जॉबरनं, मागांवरच्या मुकादमानं, विटेनं डोकं चेचलं. मग त्यानंच हिलालला उठवून बसवलं.

"पेंटरभाऊ, राग नका धरू. पण तुम्हीच तर दाखवलं, हिला सोडायची नाही म्हणून."

हिलाल उठला आणि लाथा घालून घालून त्यानं स्वतःचाच फलक खांबासकट आडवा केला. मग रक्तातच बसून दोरीनं मेलेली धामण मोजली. डोकं उरलं नव्हतं. डोळा कसा होता ते साहेबांना विचारून घेतलं. गोल, काळा, साधा.

नवा फलक डाव्या हातानं काढला. रेघा वाकड्या, रंग मातीचे, तोंडात अर्धा उंदीर.

"फिका वाटतो," साहेब म्हणाले.

"फिकाच ऱ्हाऊ द्या."

पावसाळ्यानंतर त्या ढिगात दुसरी धामण आली. पोरांना फिरायला घेऊन आलेल्या एका माणसानं तिला बघून वीट उचलली. हिलाल वीसेक पावलांवर होता. माणसाची नजर फलकावर गेली, तसं ओरडायला उघडलेलं तोंड त्यानं मिटलं. माणूस फलकाकडे बघत राहिला, बराच वेळ. मग वीट वाटेच्या कडेला ठेवून पोरांना म्हणाला, "चला, तिला जाऊ द्या आधी."