शह न म्हणणारी झूरा

आमच्या कोचकोर गावच्या बाजारात बुद्धिबळाचा विषय निघाला, की म्हातारे आधी शाहमुरातचं नाव घेतात आणि मग आवाज जरा खाली आणून त्याच्या सुनेचं. सुनेनं मात्र सासऱ्याचं नाव आजवर तोंडातून काढलेलं नाही. नाव तर सोडाच, नावाचा तुकडासुद्धा नाही. आमच्याकडची रीतच तशी. सासऱ्याचं नाव ‘लांडगा’ असलं, तर लांडग्यानं डोळ्यांदेखत मेंढी पळवली तरी सुनेनं ‘तो मेंढ्या खाणारा आला’ असंच ओरडायचं. झूराच्या नशिबी शाहमुरात आला. राजावर चाल केली की आम्ही ‘शाह’ म्हणतो, आणि खेळाचं नावच ‘शाहमात’. म्हणजे बिचारीला खेळाचं नावही घेता येईना. ती त्याला ‘चौकटींचा खेळ’ म्हणायची आणि शह द्यायची वेळ आली की वळलेल्या बोटानं टेबलावर दोनदा टकटक करायची.

खेळ ती माहेराहूनच शिकून आली होती, पण सासरी ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नाही. लग्नानंतर नवरा मिरलान मॉस्कोला कामावर गेला आणि झूरा सासूसासऱ्यांना चहा ओतत राहिली. आमच्याकडे चहाची वाटी अर्धीच भरतात. काठोकाठ भरली तर ‘प्या आणि निघा’ असा अर्थ होतो. एका दुपारी शाहमुरात शेजारच्या बेक्तुरशी खेळत होता आणि त्याचा हात वजिराकडे निघाला होता. ती खेळी म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं होतं. झूरानं सासऱ्याची वाटी काठोकाठ भरली, इतकी की चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला.

“अरे, सून तुला घराबाहेर काढतेय की!” बेक्तुर म्हणाला.

शाहमुरातनं वाटीकडे पाहिलं, मग पटाकडे, आणि हात मागे घेतला. बेक्तुर गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारापाशी आला.

“पोरी, त्याचा उंट तुला दिसला कुठून?”

“चहा ओतताना, अता.” सासऱ्याला ती ‘अता’, म्हणजे बाबा, म्हणायची.

म्हातारा बराच वेळ हसला. आयुष्यभर नारिनच्या रस्त्यावर बस चालवलेला माणूस तो, त्याला माणसाची नजर कळायची. पण सासऱ्यासमोर सून मान वर करून पटावर बसली, तर गाव जेवायचं सोडून तेच चघळत बसेल. म्हणून त्यानं मुलाकडून तिच्यासाठीही एक फोन मागवला आणि दोघं इंटरनेटवर खेळायला लागली. तो पुढच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात, मधे भिंत, आणि अख्ख्या डावाला दोघांना तीन-तीन मिनिटं. ज्याचा वेळ आधी संपेल तो हरला. फोनवर शह बोलावा लागत नाही, तरी सवयीनं झूराचं बोट टेबलावर वाजायचंच. मग तोही मजेनं आपला शह तसाच कळवायला लागला. भिंतीच्या अलीकडून टकटक, पलीकडून टकटक.

“दोघांनी मिळून टेबलाला भोक पाडणार आहात,” सासू सबीरा म्हणायची. “चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चालेल, वजीर जाता कामा नये.”

झूरानं खेळात नाव घेतलं होतं ‘ओचोक’, म्हणजे चूल. सुरुवातीला ही चूल कुणीही येऊन विझवायचं. तिची मांडणी छान असायची, पण वेळ आधी संपायचा. शाहमुरात भिंतीपलीकडून ओरडायचा, “पोरी, तू खडे वेचत बसलीयस आणि तिकडे कढईतलं तेल जळतंय. सगळ्यात चांगली खेळी शोधू नकोस. वाईट नसेल ती खेळ आणि मोकळी हो.” हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण. हुशार माणसाला ‘चालेल’ म्हणता येत नाही, आणि झूरा हुशार होती. तिला ते जमायला वर्षाच्या वर गेलं. रोज हरलेला एकच डाव ती कणीक मळताना मनात पुन्हा खेळायची आणि जिथं पाय घसरला तेवढीच जागा लक्षात ठेवायची. बाकीचं सोडून द्यायची.

मग तिची स्वतःची खेळायची तऱ्हा तयार झाली. ती कधी अंगावर धावून जात नसे. प्यादी जवळ-जवळ, राजा आत, दार लावलेलं. समोरचा येऊन दार वाजवायचा, धडका द्यायचा, सगळी फौज पुढं आणायचा. तेवढ्यात त्याचा वेळ सरत यायचा, आणि मग ही शांतपणे दार उघडून बाहेर पडायची. शेवटाला पटावर राजा आणि दोन-चार प्यादी उरली, की तिला गाठणारा विरळा. समोरच्यानं खेळायच्या आधीच ती आपली पुढची खेळी लावून ठेवायची, कारण तो काय खेळणार हे तिला त्याच्याआधी कळायचं. पोलंडचे, ब्राझीलचे, कुठले कुठले पट्टीचे खेळाडू ओचोकपुढं हात टेकायला लागले. कोचकोरच्या स्वयंपाकघरातली एक बाई बोटं पुसत त्यांना हरवतेय हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

एक माणूस मात्र तिला हरवता येत नव्हता, आणि तो भिंतीपलीकडं बसलेला होता. खरं सांगायचं तर ती केव्हाच त्याच्या पुढं गेली होती. पण त्याचा वेळ संपत आला की तिचं बोट थांबायचं. ती मुद्दाम करायची नाही, बोटच उठायचं नाही. जन्मभर थोरांच्या पुढं चालायचं नाही असं शिकवलेलं बोट ते. तिचाच वेळ संपायचा आणि म्हातारा जिंकायचा.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही.

“मला भीक घालतेस काय?” एकदा तो खरोखरच चिडला. “पटावर सासरा नसतो, पोरी. माझा रक्तदाब सारखा चढतोय, डॉक्टर रोज नवी गोळी देतोय. मी जायच्या आत मला एकदा खरंखुरं हरव. नाहीतर मी तुला शिकवलं काय, चहा ओतायला?”

झूराला आई-बापापेक्षा या माणसानं जास्त ओळखलं होतं, आणि त्यानं मागितलेली एकच गोष्ट तिच्यानं देववत नव्हती. तिनं ठरवलं, या वसंतात द्यायचीच.

तो दिवस मेंढ्या व्यायच्या हंगामातला. सबीरा शेजारी मदतीला गेली होती. घरात दोघंच. त्या डावात झूरानं दार लावलंच नाही, पहिल्यापासून ती तुटून पडली. म्हाताराही रंगात आला होता, तो कित्येक दिवसांत असा खेळला नव्हता. शेवटी दोघांचाही वेळ थोडाच उरला, त्याचा तिच्याहून कमी. चाल त्याची होती. आणि तो खेळेना.

झूराचं बोट नेहमीसारखं कचरलं, पण आज चाल तिची नव्हतीच. तिला फक्त बसून राहायचं होतं. तेवढ्यात पुढच्या खोलीतून टकटक झाली. मग पुन्हा टकटक, जरा वेडीवाकडी. तिला हसू आलं. शह नाही, काही नाही, आणि म्हातारा मला घाबरवतोय, असं तिला वाटलं. ‘आज नाही, अता,’ ती मनात म्हणाली. त्याचा वेळ सरला. पडद्यावर आलं, ओचोक जिंकली.

आनंदानं तिचे कान गरम झाले. आता तो हाक मारणार, शिव्या घालणार, हसणार. बोलावल्याशिवाय सून पुढच्या खोलीत जात नाही. तिनं पाणी उकळलं, चहा केला, पिठाचे दोन तळलेले गोळे, बोओर्सोक, ताटलीत ठेवले, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि हाकेची वाट पाहत बसली. हाक आलीच नाही. आली ती सबीराची किंकाळी.

शाहमुरात खाली पडला होता. उजवा हात, उजवा गाल, जीभ, सगळं लुळं पडलेलं. डाव्या हाताची बोटं टेबलाच्या पायाशी होती, त्यांची पेरं सोलवटली होती. इस्पितळात डॉक्टर म्हणाला, जरा लवकर आणायला हवं होतं. डॉक्टर हे सगळ्यांनाच म्हणतात, पण झूराला ते एकटीला म्हटल्यासारखं वाटलं.

काही दिवसांनी तिनं तो डाव फोनवर पुन्हा उघडला. त्याचा हत्ती एका खेळीत मात करत होता. लहान मुलालाही दिसली असती अशी मात. ती खेळायला त्याला हात मिळाला नव्हता, एवढंच.

गावात मात्र बातमी वेगळी फिरली. बेक्तुर भेटायला आला तो अंथरुणाशी बसून म्हणाला, “सुनेनं हरवलं म्हणे तुला! इच्छा पुरी झाली तुझी एकदाची.” शाहमुरातच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते आनंदाचं होतं की ‘नाही, नाही’ म्हणणारं, हे कुणाला कळणार? झूराला दिवसभर कसला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता पुढच्या खोलीत गेली आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्यासमोर बसली. लाकडी पटावर तिनं तोच शेवट मांडला. सबीरा दारात उभी राहून पाहत होती. “अता, चाल तुमची. वेळ मोजत नाही मी.” म्हाताऱ्यानं पटाकडे खूप वेळ पाहिलं. डावा हात पुढं आला, हत्तीवरून गेला, प्याद्यावरून गेला आणि हवेतच राहिला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, बसमध्ये नवखा माणूस ‘माझा थांबा कुठला?’ म्हणून पाहतो तसं. झूरानं त्याचा हात धरून हत्ती पुढं सरकवला. त्याला काहीच समजलं नाही.

शरदात तो गेला. अंगणात राहुटी उभी राहिली आणि बायका भिंतीकडे तोंड करून शोक गायला बसल्या. सुनेला सासऱ्यासाठी मोठ्यानं आवाज काढता येतो तो याच दिवशी. बायकांनी त्याचे घोडे गायले, त्याची बस गायली. झूराची पाळी आली तेव्हा तिनं गायलं, तुम्ही जिंकला होतात, अता, तुम्ही जिंकला होतात, आणि मी चहा करत बसले. बाहेरच्या पुरुषांना वाटलं, दुःखात सून काहीतरी बरळतेय.

ओचोक आजही खेळते. खेळ अजून तसाच, दार लावून. फक्त समोरच्याची खेळी एकाएकी थांबली आणि वेळ नुसताच सरायला लागला, की ती वेळ संपायची वाट पाहत नाही. स्वतःच हार मानते आणि अनोळखी माणसाला लिहून विचारते, “बरे आहात ना? घरात कुणी आहे का जवळ?” बहुतेक जण हसतात. कुणाचं इंटरनेट गेलेलं असतं, कुणाचं मूल रडत असतं. उत्तर आलं की ती पुढचा डाव लावते. एकदा उत्तर आलंच नाही. चुलीवरचं मांस करपलं, सबीरा ओरडली, आणि झूरा संपलेल्या डावाचा तो फोन हातात धरून उत्तराची वाट पाहत तशीच बसून राहिली.