न चुकलेली रेघ

पाशेदने भट्टीपुढे बसतानाच ठरवलं होतं, आज कुपी बिघडवायची. फेरो राजाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काच ओढून माणसाचं पार चिपाड झालं होतं. डोळ्यांतून सतत पाणी, छातीत खरखर. पण मुकादम हातिआयचा नियम असा, की हात चुकेपर्यंत कारागिराला घरी बसता यायचं नाही. आणि या मेल्याचा हात काही चुकत नव्हता.

त्याच्या बायकोचे, तामितचे, गुडघे गेले होते. तिला नाईलच्या मुखाकडे, माहेरच्या गावी जाऊन राहायचं होतं. "एक भांडं वाकडं करायला जीव जातो का तुमचा?" ती रोज म्हणायची. "का मेल्यावर नेणार मला माहेरी?"

सळईच्या टोकाला, कुपीच्या पोकळीच्या जागी, शेणमातीचा गोळा होता. त्यावर वितळलेली निळी काच चढवून झाली, वरून पिवळ्या काचेचे वेढे दिले. आता आकडीने ते वेढे ओढायचे. एकदा वर, एकदा खाली, की लाटांची नक्षी उठते. दोनदा एकाच बाजूला ओढलं की नक्षी फसली आणि सुटका झाली. एवढंच तर करायचं होतं.

पहिली रेघ त्याने वर ओढली. दुसरीही वरच, असं मनाशी घोकत आकडी टेकवली, आणि हात मुकाट खाली आला. तिसरी वर. चौथी खाली. हाताने त्याला विचारलंसुद्धा नाही.

"थेरड्या, तरण्याताठ्यांना लाजवशील की," मागून हातिआय हसला. "राणीसाहेबांना अशाच आणखी वीस हव्यात."

"मी थकलोय, मालक."

"थकलेला हात असा असतो होय? जा, राखेत ठेव ती."

पाशेदने कुपी गरम राखेत पुरली. लगेच बाहेर काढली असती तर वाऱ्यानेच तडकली असती. हातिआयची पाठ वळली होती. पाशेदने राखेत चिमटा घातला, मग तसाच काढून घेतला आणि वर आणखी दोन फावडी राख ओढली. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

दुपारी तो घरी आला, तर तामितने गाठोडं बांधून दारात ठेवलेलं. त्याचं तोंड बघूनच ती समजली.

"चांगली झाली?"

"झाली."

"अजून किती?"

"वीस."

ती गाठोड्याची गाठ सोडायला बसली. बोटं वळेनात. शेवटी त्यानेच ती गाठ सोडवून दिली.